टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय? सातव्या दिवसाची तयारी आधी करा

टॉन्सिलच्या ऑपरेशनबद्दल नातेवाइकांत दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘काही नसतं हो त्यात, संध्याकाळी घरी!’ आणि दुसरं, ‘गळ्याचं काम आहे, उगाच कशाला हात लावायचा?’ प्रत्यक्ष ऑपरेशन साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं असतं हे खरं. पण घशातली जखम भरून यायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि त्यातला सगळ्यात नाजूक काळ नेमका तेव्हा येतो, जेव्हा घरच्यांना वाटतं की आता सगळं निभावलं. भेटायला येणारे पहिल्या दोन दिवसांत येऊन जातात. खरी मदत लागते ती त्यानंतर. नाशिकमध्ये किंवा आसपासच्या तालुक्यांतून नाशिकला येऊन हे ऑपरेशन करून घेणाऱ्यांसाठी क्रमाने काय काय करायचं ते पुढे देत आहे.

आधी मोजा, मग ठरवा

तोंड उघडल्यावर मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना ज्या गाठी दिसतात ते टॉन्सिल. पडजीभ वाढली म्हणून टॉन्सिल काढत नाहीत, आणि टॉन्सिल नुसते मोठे दिसतात म्हणूनही नाही. लहान मुलांत ते मोठे असणं स्वाभाविक आहे. वय वाढतं तसे ते बहुतेकांचे आपोआप आकसतात.

वारंवार घसा धरणाऱ्यांसाठी जगभर वापरला जाणारा एक हिशेब आहे: गेल्या एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. त्यातही नुसती घशाची खवखव मोजायची नाही. घसा दुखण्याबरोबर १०१ फॅरेनहाइटच्या वर ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा मानेला दुखऱ्या गाठी असं काही असेल तरच ती एक खेप. म्हणून आजपासूनच कॅलेंडरवर तारखा लिहायला लागा. ‘सारखं सारखं होतं’ यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, तारखांवर येतं. आकडा या हिशेबापेक्षा कमी असेल तर थोडं थांबून बघणं हा चांगला सल्ला आहे. तो देणारा डॉक्टर टाळाटाळ करतोय असं समजू नका.

दुसरं कारण झोपेचं, आणि मला ते घसादुखीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याकडे कौतुकाने बघितलं जातं. ‘आजोबांसारखा घोरतो’ म्हणून हसण्यावारी नेलं जातं. मूल रोज घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, दिवसा चिडचिड करत असेल किंवा अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर रात्री मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी नाकामागच्या टॉन्सिलसारख्याच गाठींची, म्हणजे अ‍ॅडिनॉइड्सचीही तपासणी होते आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच भुलेत काढतात. टॉन्सिलच्या बाजूला पू साचण्याचा त्रास पुन्हा पुन्हा होणं, किंवा मोठ्या माणसाचा एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला असणं, ही वेगळी कारणं. यातलं दुसरं अजिबात रेंगाळत ठेवू नये.

‘काढल्यावर प्रतिकारशक्ती जाते’ ही भीती घरोघरी असते. टॉन्सिल हे शरीराच्या पहारेकऱ्यांपैकी एक आहेत, एकटे नाहीत. ते काम घशातल्या आणि मानेतल्या इतर ग्रंथी करत राहतात. मात्र ऑपरेशननंतर सर्दी-खोकला कायमचा बंद होईल अशीही अपेक्षा नको.

दवाखाना निवडताना एकच प्रश्न नक्की विचारा

नाशिकमध्ये पर्याय भरपूर आहेत. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, इगतपुरी-घोटीकडच्या लोकांना जवळ पडणारं धामणगावचं एसएमबीटी, आणि शहरभर पसरलेली खासगी रुग्णालयं. लहान नर्सिंग होममध्येही हे ऑपरेशन चांगलं होतं. तिथे पुष्कळदा सर्जन आणि भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, आणि त्यातही गैर काही नाही.

फक्त हे विचारा: ‘आठव्या दिवशी रात्री दोन वाजता रक्त आलं तर आम्ही कुठे यायचं, आणि तिथे त्या वेळी कोण असेल?’ रक्त थांबवण्यासाठी क्वचित पुन्हा भूल द्यावी लागते. त्यासाठी चालू थिएटर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ असे तिघांचेही योग जुळावे लागतात. ‘फोन करा, बघू’ हे उत्तर पुरेसं नाही. रात्रीचा नंबर आणि रुग्णालयाचं नाव कागदावर लिहून घ्या.

पद्धतीबद्दल फार डोकं शिणवू नका. नेहमीच्या हत्यारांनी सोडवून काढणं, विजेच्या उष्णतेने काढणं, कोब्लेशन (रेडिओ लहरींच्या कांडीने कमी उष्णतेत काढणं), अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत. कोब्लेशनची कांडी एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे बिल वाढतं. तुमच्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती चांगली, असं माझं मत. पैशांचं विचारताना भूलतज्ज्ञांची फी, औषधं आणि एका रात्रीची खोली पॅकेजमध्ये धरली आहे का, हे स्वतंत्रपणे विचारा.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये टॉन्सिलसारख्या आजारांना पहिली दोन वर्षं संरक्षण मिळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची केस बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) रेशन कार्ड आणि आधार दाखवून दाखल होण्याआधी विचारा. दाखल झाल्यावर धावपळ होते.

तारीख

शाळेमुळे लोक दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी धरतात. दिवाळीत घरात चिवडा, चकली, शेव, कडबोळी, म्हणजे जे जे या घशाला वर्ज्य ते सगळं डब्यात भरलेलं. वर फटाक्यांचा धूर, पाहुणे आणि बहुतेक डॉक्टरही दोन दिवस बाहेरगावी. त्यापेक्षा मे परवडला. उन्हाळ्यात पाणी कमी पडण्याची काळजी जास्त घ्यावी लागते, पण आइसक्रीम आणि आमरस हाताशी असतात.

तारखेत पुढचे १४ दिवस मोकळे हवेत. लग्न, सप्तशृंगीची वारी, मामाच्या गावाला जाणं, काहीही मध्ये नको. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरवत असाल तर सिंहस्थाच्या अमृतस्नानाच्या तारखा शेजारी ठेवून बघा. त्या दिवशी शहरातले कोणते रस्ते सुरू असतील ते तुमच्या हातात नसतं.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकच्या वाड्या-पाड्यांवरून येणाऱ्यांनी शक्य असेल तर दोन्ही आठवडे, निदान दहावा दिवस उलटेपर्यंत तरी, शहरात राहावं. पंचवटी, सिडको, नाशिकरोड, कुठेही नातलग असेलच. अर्ध्या तासात रुग्णालय गाठता येईल अशी जागा हवी, आणि तो अर्धा तास द्वारका चौकातली वाहनांची कोंडी धरून मोजा.

तपासण्या, आणि न विसरता सांगायच्या गोष्टी

रक्ताची साधी तपासणी, रक्त गोठण्याच्या चाचण्या, गरज पडली तर अ‍ॅडिनॉइडचा एक्स-रे, मोठ्या वयाच्यांना ईसीजी. ते कागद बघून भूलतज्ज्ञ तपासतात. त्यांना हे सांगा: दमा आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, दात हलतोय का (सहा-सात वर्षांच्या मुलांत हमखास असतो, आणि भुलेत तो पडून श्वासनलिकेत जाऊ शकतो), घरात कुणाला दात काढल्यावर किंवा बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता का, कुणाला भुलेचा त्रास झाला होता का. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगतील, स्वतःहून बंद करू नका. आयुर्वेदिक काढे, चूर्णं, जिममधल्या पावडरी यांचाही उल्लेख करा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून लोक हे गाळतात.

ऑपरेशनच्या आधी ताप किंवा छातीत कफ असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तर गेली.

त्या दिवशी

उपाशी राहण्याचे नियम काटेकोर असतात: जेवण किंवा दूध निदान ६ तास आधी बंद, तेलकट जेवण असेल तर ८ तास, आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. आजीने मायेने दिलेलं एक बिस्किटसुद्धा ऑपरेशन रद्द करायला पुरतं, म्हणून घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

मुलाला खोटं सांगू नका. ‘नुसतं बघायला जायचंय’ म्हणून नेलेलं मूल पुढच्या दोन आठवड्यांत तुमच्या हातून औषध घेणार नाही. झोपेचं औषध देतील, झोपेत काम होईल, उठल्यावर घसा दुखेल, मी तिथेच असेन. एवढं पुरे.

भूल पूर्ण असते. सगळं तोंडातून होतं, बाहेर कुठेही चीर नसते. टॉन्सिलच्या जागी दोन कच्च्या जखमा उरतात, आणि त्या आतून आपोआप भरतात. बाहेर आल्यावर मूल रडतं, भांबावतं, लाथा झाडतं. भुलेतून उठताना हे होतं. कुशीवर झोपवलेलं असेल तर तसंच राहू द्या. लाळेत थोडी लाली आणि एखादी काळपट उलटी चालते, गिळलेलं जुनं रक्त बाहेर पडतं. लालभडक ताजं रक्त दिसलं, किंवा मूल झोपेत सारखं सारखं गिळतंय असं वाटलं, तर लगेच सिस्टरना हाक मारा. पहिले २४ तास त्यासाठीच नजर ठेवतात. काही जणांना त्याच संध्याकाळी सोडतात, काहींना एक रात्र ठेवतात. लहान मूल, श्वास अडकण्याचा त्रास किंवा दुरून आलेला पेशंट असेल तर रात्र तिथेच काढणं बरं.

पहिले दिवस: औषध घड्याळावर

इथे बहुतेक घरं चुकतात. मूल पहिल्या दिवशी बरं दिसतं, म्हणून ‘कशाला उगाच औषधं’ म्हणत डोस टाळला जातो. मग रात्री घसा कोरडा पडतो, पहाटे मूल कळवळून उठतं आणि गिळायलाच तयार होत नाही. दुखल्यावर औषध देण्याऐवजी दुखू नये म्हणून द्या. पहिले काही दिवस डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला, रात्रीचा डोस असेल तर उठवूनही. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने खायला दिलं की घास उतरतो.

मुलांना सहसा पॅरासिटामॉल देतात, गरजेप्रमाणे आयबुप्रोफेन. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. बाटली नीट वाचा: पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. चमचा तोच, औषध दुप्पट. आणि काही सिरपमध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्रच असतं, त्याच्या जोडीला वेगळं पॅरासिटामॉल दिलं की डोस जास्त होतो. मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नाही, त्याने श्वास मंदावू शकतो, आणि टॉन्सिल काढलेल्या मुलांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच तसा कडक इशारा दिला आहे. निमेसुलाइड या ताप-दुखण्याच्या औषधावर तर १२ वर्षांखालील मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या बाटल्या कपाटांत सापडतात. मेडिकलवाल्याला विचारून काहीही आणू नका.

कान दुखतो म्हणून घाबरू नका. घसा आणि कान यांची एक नस सामाईक आहे, त्यामुळे घशातली कळ कानात जाणवते. कानात तेल किंवा थेंब घालून काही होणार नाही. हलका ताप एक-दोन दिवस येतो. आवाज गेंगाणा होतो आणि काही आठवड्यांत ताळ्यावर येतो.

घशात बघितलंत तर टॉन्सिलच्या जागी पांढरट-पिवळट थर दिसेल, आणि तोंडाला उग्र वास येईल. हा पू समजून लोक घाबरतात, अँटिबायोटिक मागतात. ती गुडघ्यावरच्या खपलीसारखीच खपली आहे, घशात ओलसर राहते म्हणून पांढरी दिसते. तिला बोट, कापूस, हळद, मध, काही लावू नका. ब्रश हलक्या हाताने करा, नुसती चूळ चालेल, खळखळून गुळण्या नकोत.

पाणी आधी, जेवण नंतर

दोन-चार दिवस मूल कमी जेवलं तर काही बिघडत नाही. पाणी मात्र सुटता कामा नये. घसा कोरडा पडला की दुखणं वाढतं, दुखलं की पाणी जात नाही, असं चक्र सुरू होतं. दर तासाला थोडे थोडे घोट, जागं असेपर्यंत. लघवी गडद पिवळी होतेय का बघा. आठ-दहा तासांत लघवीच झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा, सलाईन लागू शकतं.

थंड द्यायचं की नाही यावरून घरात वाद होतो. आजी म्हणणार, ‘थंड दिलं की घसा बसेल.’ या दोन आठवड्यांपुरतं थंड चालतं, उलट बरं वाटतं: गार दूध, साधं आइसक्रीम, कुल्फी, लस्सी, शहाळं, घरच्या पाण्याचा बर्फ चोखायला. बाहेरच्या गाड्यावरचा बर्फ आणि रसवंतीचा रस नको. आइसक्रीम खाल्लंच पाहिजे असंही नाही, कोमट आवडत असेल तर कोमट.

पोटासाठी भाताची पेज, मऊ मुगाची खिचडी, दहीभात, नाचणीचं सत्त्व, शिरा, दुधात कुस्करलेली पोळी, मऊ इडली, केळं, गोड आमरस. मऊ का होईना, चावून खाल्लं तर जबडा आणि घसा हलता राहतो, म्हणून नुसत्या पातळावर दहा दिवस काढू नयेत. वर्ज्य: तिखट, आंबट, गरम गरम आणि टोचणारं. म्हणजे मिसळ, चिवडा, पापड, टोस्ट, फरसाण, लिंबू, टोमॅटोचं सार, अननस, आणि हंगाम असला तरी आंबट द्राक्षंही. लाल रंगाचं सरबत, डाळिंब, बीट हेही टाळा. त्यांनी काही इजा होत नाही, पण उलटी झाली तर रक्त की सरबत हे कळत नाही आणि सगळं घर हादरतं.

पाचवा ते दहावा दिवस

दुखणं सरळ उतरत जात नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते पहिल्या दिवसापेक्षा जास्त असू शकतं, कधी सातव्यापर्यंतही. ‘बरं होत होतं, आता बिघडलं’ असं वाटायला लागतं. ही नेहमीची वाट आहे, औषध चालू ठेवा.

याच सुमाराला खपली सुटू लागते, आणि उशिराचा रक्तस्राव झालाच तर सहसा पाचव्या ते दहाव्या दिवसात होतो. दर शंभरात साधारण दोन ते पाच जणांना. बहुतेकांचा आपोआप थांबतो, पण कुणाचा थांबेल हे घरी बसून सांगता येत नाही. थुंकीत एखादी लाल रेघ दिसली तर थंड पाण्याची हलकी चूळ भरायला लावा आणि डॉक्टरांना कळवा. ताजं लाल रक्त येत असेल, गुठळी पडली असेल किंवा रक्ताची उलटी झाली असेल, तर:

१. मुलाला बसवा, पुढे झुकवा, रक्त गिळू न देता थुंकायला सांगा. उताणं झोपवू नका.
२. खायला-प्यायला काही देऊ नका, पुन्हा भूल लागू शकते.
३. आधी ठरवलेल्या रुग्णालयात निघा, वाटेत फोन करा. गाडी नसेल किंवा रक्त जास्त असेल तर १०८.
४. वाटेत थांबलं तरी परत फिरू नका. थोडं येऊन थांबलेल्या रक्तानंतर मोठा स्राव होऊ शकतो.

श्वास घ्यायला त्रास, १०२ च्या वर न उतरणारा ताप, पाणीही न गिळता येणं, मूल सुस्त पडणं, यांसाठीही थांबू नका.

या दिवसांत धावणं, सायकल, पोहणं, क्रिकेट बंद. अ‍ॅडिनॉइड काढले असतील तर नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. घरात धूप-अगरबत्ती आणि बिडी-सिगरेटचा धूर नको. रंगपंचमी या काळात आली तर रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उडी मारायला नेऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

मोठ्यांचं थोडं वेगळं

पंचविशी-तिशीनंतर हे ऑपरेशन करणाऱ्यांना मुलांपेक्षा जास्त दुखतं आणि जास्त दिवस दुखतं. चार-पाच दिवसांत कामावर जाईन असं साहेबांना सांगून ठेवू नका, पूर्ण दोन आठवड्यांची रजा टाका. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत धूळ आणि उष्णतेत काम असेल, वजन उचलायचं असेल, किंवा शिक्षक, वकील, कीर्तनकार असा बोलण्याचा व्यवसाय असेल, तर त्याहून थोडी जास्तच. तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू पूर्ण बंद. काहींचं वजन दोन-तीन किलोने उतरतं, ते परत येतं.

मोठ्यांचे टॉन्सिल बऱ्याचदा तपासणीसाठी लॅबला पाठवतात. तो रिपोर्ट दवाखान्यात पडून राहतो, कारण तोवर घसा बरा झालेला असतो आणि कुणी विचारत नाही. फेरतपासणीला जाल तेव्हा मागून घ्या आणि फाइलला लावा. शाळा, तिखट आणि मैदान यांची परवानगीही त्याच भेटीत घसा दाखवून घ्या. शाळेसाठी दाखला लागत असेल तर तोही तेव्हाच, म्हणजे पुन्हा रांगेत बसायला नको.